‘ब्लॉकेज’ हा शब्द डॉक्टरांनी जपून वापरावा

कोथरूडकर: हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी झाली की घरभर एकच वाक्य फिरतं: ‘सत्तर टक्के ब्लॉकेज आहे.’ ऐकणाऱ्याला तुंबलेली मोरी दिसते, आणि मोरी तुंबली की आधी ती मोकळी करायची. खरं तर चरबीचा थर धमन्यांच्या भिंतींत जागोजागी पसरलेला असतो, आणि हृदयविकाराचा झटका पुष्कळदा कमी अरुंद जागीच थर फुटून, गुठळी होऊन येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते. ज्यांचा आजार स्थिर होता, त्यांच्यात औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) किंवा बायपास करून मृत्यू कमी झाले नाहीत. अशा रुग्णाला ‘ब्लॉकेज’ म्हणून घाबरवणं मला चूक वाटतं.

कॅथलॅब_परिचारिका: अर्धंच सांगताय. त्याच चाचणीत, ज्यांना वारंवार छातीत दुखायचं त्यांना स्टेंट-बायपासनं जास्त आराम पडला. शिवाय हृदयाच्या मुख्य डाव्या धमनीचा गंभीर आजार असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. रात्री दोनला झटक्याचा पेशंट येतो तेव्हा नातेवाइकांची सही मिळेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत असतो. त्या वेळी ‘ब्लॉकेज’ एवढंच त्यांना चटकन कळतं.

कोथरूडकर: झटक्यात तो शब्द शंभर टक्के योग्य, तिथे धमनी खरोखर बंद झालेली असते. पण जिना चढताना दम लागतो म्हणून चालत तपासायला आलेल्यालाही तोच शब्द?

मिरजेची_सून: आणि तो ‘सत्तर’ बहुतेक वेळा पडद्यावर बघून केलेला अंदाज असतो! रक्तप्रवाह खरंच अडतोय का, हे एफएफआरनं, म्हणजे अरुंद जागेच्या पुढचा आणि आधीचा दाब यांच्या गुणोत्तरानं, मोजता येतं; ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा महत्त्वाचा धरतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, फार चांगलं केलं. पण भीतीचं काय? आकडा ऐकल्यापासून मामांनी बागेत फिरणं सोडलंय, डॉक्टर ‘चाला’ म्हणत असताना.

सांगलीकर_७१: उलट अनुभव सांगतो. ‘नस थोडी अरुंद आहे’ असं ऐकून वडील वर्षभर तंबाखू चघळत राहिले. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘ब्लॉकेज’ म्हटलं, त्याच संध्याकाळी डबी नाल्यात गेली. तुम्ही तो शब्द काढून घ्याल, पण आमच्या घरी कामाला तोच आला.

कोथरूडकर: वडिलांनी तंबाखू सोडली याचा मनापासून आनंद आहे. तरी डॉक्टरांनी ‘ब्लॉकेज’ म्हटल्यावर तिथेच हेही सांगावं: हे आज तातडीचं आहे की नाही, आणि नुसत्या गोळ्यांवर राहिलं तर काय होईल.

कॅथलॅब_परिचारिका: हे मान्य. मात्र झटक्याच्या रात्री सही आधी, समजावणं नंतर.