प्लास्टरात पाय, आणि म्हणे सोळा तास उपाशी!

कडकभाकरी: काल इथं एकानं लिहिलं, 'नडगीचं हाड मोडलंय, तरी सोळा-आठ, म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं, सोडलं नाही, ऑटोफॅजीनं हाड लवकर जुळतं.' डोकंच फिरलं. अहो, ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरणं. तिला 2016 चं नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या कामासाठी, तुमच्या नडगीसाठी नव्हे. हाड जुळताना आधी रक्ताची गाठ, मग मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोकं सांधणारा मऊ थर, मग त्यात कॅल्शियम भरतं. त्या मऊ कॅलसला प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास. दोन जेवणांत कुठून आणणार? आमच्या सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर दुपारी आमटी-भात, रात्री अर्धी भाकरी एवढ्यावर राहिल्या. वॉकर धरला की हात लटलटायचे.

सोळाआठ: पोस्ट माझीच. शुगर आहे मला, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतो, पण उपवासानं आटोक्यात आली. साखर वाढली तरी हाड उशिरा जुळतं, ते नाही लिहिलं ताईंनी! आणि दोन्ही वेळा डाळ, दही, पनीर पोटभर खातो. उपाशी कसला?

पार्कचौक: ग्लिमेपिराइड घेऊन उपवास? साखर एकदम उतरली, कुबडीवरून पडलात, तर दुसरा पायपण जाईल. डॉक्टरांना विचारलं का?

खड्डेग्रस्त: मुळात मोडला कशानं? रस्त्यावरच्या खड्ड्यानं. त्यावर बोला की कुणीतरी.

माळदांडी: हे सगळं सोडा बे, पाया सूप प्या. माझं मनगट त्यावरच जुळलं.

शेंगाचटणी: न पिता पण जुळलं असतं. हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम उतरतं किती? नखभर! त्यापेक्षा शेंगदाणे खा, 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनं.

माळदांडी: 100 ग्रॅम शेंगाचटणी खाऊन दाखव, मग बोलू. पाय राहील बाजूला, दुसरीकडंच आग लागेल.

शेंगाचटणी: चटणी कोण म्हणलं? दाणे म्हणलो.

माळदांडी: मग नाव बदल.

पार्कचौक: आमचे मामा म्हणतात, तंबाखूला चुना लावतो, कॅल्शियम मिळतंच. निकोटिननं हाड रखडतं, हे त्यांना कोण सांगणार?

कडकभाकरी: सूप, चटणी, चुना! मी विचारलं काय, चाललंय काय. सोळाआठ, डॉक्टरांना विचारलंत की नाही?

सोळाआठ: विचारलं. गोळी सकाळच्या खाण्याबरोबर घ्या म्हणाले, म्हणजे सकाळचं खाणं आलंच. प्लास्टर निघेपर्यंत बारा-बारा. उद्यापासून आठला दूध-नाचणी. झालं समाधान? प्लास्टर निघालं की पुन्हा सोळा-आठ, तेव्हा लेक्चर नको.

माळदांडी: नाचणी कशाला? सूप म्हणलो ना मी.