कॅम्पर ओढताना ॲव्हरेज वाढवायचं? आधी वेग कमी करा, बाकीचं नंतर

चाकधर: डिझेल ट्रकमागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) लागला की ॲव्हरेज निम्म्यावर येऊ शकतं. मग लोक ट्यूनर (इंजिनाची सेटिंग बदलणारं यंत्र), महागडे एअर फिल्टर, टाकीत ओतायच्या बाटल्या शोधत बसतात. कॅम्पर म्हणजे चाकांवरची भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०५ वरून ९० वर आलात की तो पाव भागाहून जास्त घटतो. खर्च शून्य.

टॉर्कवाला: वेग मान्य. पण वजन? २०० लिटरची पाण्याची टाकी भरून निघायचं आणि ॲव्हरेजच्या नावाने बोटं मोडायची!

चाकधर: हिशेब करा की. टायरांचा विरोध वजनाच्या साधारण एक टक्का. म्हणजे २०० किलो उतरवलेत तर ओढ कमी झाली २ किलोंनी. ९० च्या वेगाला एकटी हवा दीडशे किलोंच्या आसपास मागे खेचत असते.

टॉर्कवाला: हे सपाट रस्त्याचं गणित. ५ टक्के चढाला तेच २०० किलो आणखी १० किलोंची ओढ लावतात, आणि थांबत-थांबत जायचं असेल तर दर वेळी ते नव्याने पळवावे लागतात.

रिंचपाना: टाकी रिकामी करण्याआधी ती कुठे आहे ते बघा. एक्सलच्या पुढे असेल तर ती रिकामी केल्यावर हिचवरचा (ट्रेलर ट्रकला जोडतात त्या जागेवरचा) भार कमी होतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. १० च्या खाली गेला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. डिझेल वाचवण्याच्या नादात हे नको.

गिअरपेटी: दोघेही गिअर विसरलात. चढावर टॉप गिअरमध्ये १,२०० आरपीएमला इंजिन दाबत राहिलं की धुराचं तापमान चढतं, काजळी वाढते, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो आणि तो जाळून साफ करायला वेगळं डिझेल जातं. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअरबॉक्ससाठीची सेटिंग) लावा. चढ यायच्या आधी क्रूझ (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) काढा, वेग ८-१० ने पडू द्या. क्रूझ तोच वेग धरायला गिअर पाडून पूर्ण जोर लावतो.

टॉर्कवाला: सपाट रस्त्यावर टो-हॉल कशाला? आरपीएम उगाच वर राहतं.

गिअरपेटी: गिअर सारखा वर-खाली होत नसेल तर बंद ठेवा, हरकत नाही. होत असेल तर चालूच ठेवा. गिअर बदलताना लॉक-अप (कन्व्हर्टर घट्ट धरणारा क्लच) सुटला की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) घसरतो आणि डिझेलची उष्णता होते.

रिंचपाना: आणि ट्रेलरचे ब्रेक चिकटतात, ते कोण बघणार? २० किलोमीटर चालवा, जोरात ब्रेक न दाबता थांबा, इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे हब (चाकांचे मधले भाग) मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच गरम लागला तर जॅक लावून चाक हाताने फिरवा. ब्रेक शू घासतोय, बेअरिंग जास्त आवळलंय की त्यातलं ग्रीस संपलंय, ते तिथेच कळतं. टायरात हवा कमी असेल तर तीही भरा, मात्र टायर थंड असताना.

टॉर्कवाला: ट्रकच्या टपावरच्या डिफ्लेक्टरने (हवा वर वळवणाऱ्या पट्टीने) तरी फरक पडतो, हे मानाल?

चाकधर: ट्रकचा टप आणि कॅम्परचं कपाळ यांच्यातलं अंतर जुळलं तर पडतो, नाहीतर हवा वरून उडून पुन्हा त्याच भिंतीवर आपटते. पण आकडा मांडायचा तर त्याच रस्त्याने जाऊन-येऊन मोजा, टाकी दोन्ही वेळा त्याच पंपावर फुल करून. ९० ला समोरून ताशी २० चा वारा असला तर विरोध जवळपास दीडपट होतो. एका फेरीचे आकडे इथे टाकू नका.