मदत हवी आहे: साइटवर जुनंच ड्रॉइंग जातं, छोट्या बांधकाम ऑफिसात फायली कशा सांभाळता?

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं छोटं बांधकाम ऑफिस आहे. पाथर्डी फाटा आणि मखमलाबाद अशा दोन साइट चालू आहेत. ऑफिसात मालक, बिलिंग आणि प्लॅनिंग बघणारा मी, एक ड्राफ्ट्समन आणि अकाउंट्सच्या ताई. आयटीवाला असा कुणी नाही. काही बिघडलं की दुकानातल्या मुलाला फोन करायचा.

मागच्या महिन्यात मखमलाबादला स्लॅबचं स्टील बांधून झालं होतं. भरायच्या आदल्या दिवशी आरसीसी कन्सल्टंट (स्ट्रक्चरचं डिझाइन करणारे इंजिनिअर) चेकिंगला आले आणि एका बीमपाशी थांबले. कॉलमजवळ वरच्या बाजूचे दोन एक्स्ट्रा बार नव्हतेच. सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये ड्रॉइंगच्या आर १ ची (जुन्या रिव्हिजनची) पीडीएफ, सुधारलेलं आर २ ऑफिसच्या मेलमध्ये. फिटरने हातातल्या ड्रॉइंगप्रमाणे चोख काम केलं होतं. बार टाकून घेतले, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या दुसऱ्या दिवसावर ढकलल्या. पण ते चेकिंग झालं नसतं तर बीम तसाच भरला असता, आणि त्यावर माणसं राहणार आहेत. हे डोक्यातून जात नाही.

नंतर शोधलं तर तेच ड्रॉइंग ड्राफ्ट्समनच्या पीसीवर, मालकांच्या लॅपटॉपवर, दोन व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि एका पेनड्राइव्हमध्ये सापडलं. नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल साइट'. यातलं कुठलं खरं, ते फक्त ड्राफ्ट्समनला माहीत.

बॅकअप म्हणजे पीसीला कायम जोडलेली एक हार्ड डिस्क. त्याच पीसीवर टॅली, महापालिकेचे मंजूर नकाशे, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे) रिपोर्ट, आरए बिलं (चालू कामाची बिलं). रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षं स्ट्रक्चरच्या दोषाची जबाबदारी आपली असते. तेव्हा हे कागद मागितले तर दाखवायचे कुठून?

दुकानवाला दोन डिस्कचा नॅस (ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फायली ठेवणारा डबा) घ्या म्हणतो, 'एक गेली तर दुसरी आहे, वेगळा बॅकअप नको.' हे बरोबर आहे का? की सगळं गूगल ड्राइव्हवर टाकावं? मखमलाबादला बेसमेंटमध्ये रेंज येत नाही. शिवाय आमच्या ईमेलचं डोमेन आधीच्या आयटीवाल्याने स्वतःच्या खात्यावर घेतलंय आणि तो फोन उचलत नाही. कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १

नॅस जरूर घ्या, पण तो बॅकअप नव्हे. दोन डिस्कवर एकच मजकूर जातो, म्हणजे एक डिस्क मेली तरच उपयोग. फाइल चुकून उडाली किंवा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं तर दोन्हीकडून जाते. म्हणून एक प्रत क्लाउडवर आणि एक अशा डिस्कवर, जी कॉपी झाली की काढून मालकांच्या घरी जाते. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघा.

चालू डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून थेट उघडू नका. ऑफिसच्या नेटवर्कवर दुसऱ्याने तीच फाइल उघडली तर ऑटोकॅड 'रीड ओन्ली' सांगतं. ड्राइव्हवर दोघांनी आपापल्या पीसीवर उघडली तर तो अडसर राहत नाही आणि दोन प्रती तयार होतात.

साइटसाठी एकच फोल्डर, त्यात फक्त चालू पीडीएफ. नावात साइट, मजला, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, बस. जुनी पीडीएफ त्याच वेळी 'रद्द' फोल्डरमध्ये. बेसमेंटसाठी कागदच बरा: नवी प्रिंट देताना जुनी परत घ्या आणि रजिस्टरवर सही घ्या. आमच्या सिन्नरच्या साइटवर सगळ्यात जास्त उपयोग या रजिस्टरचाच झाला.

डोमेनसाठी जिथे नोंदणी आहे त्या कंपनीकडे बिलं आणि फर्मची कागदपत्रं घेऊन अर्ज करा. वेळ लागतो, पण आत्ताच करा, मुदत संपायची वाट बघू नका. यापुढे प्रत्येक खातं फर्मच्या नावावर, पासवर्ड मालकांकडे.

धागाकर्ता

मनापासून आभार. रजिस्टर उद्यापासूनच सुरू करतो. एक राहिलं: बीबीएसच्या (स्टील कापण्या-वाकवण्याच्या यादीच्या) एक्सेललाही तोच रिव्हिजन नंबर द्यायचा का?

प्रतिसाद १

द्यायलाच हवा. कटिंगवाला ड्रॉइंग उघडतच नाही, बीबीएस बघून स्टील कापतो. आणि नवं रिव्हिजन आलं की आधी साइटला फोन करून विचारा, जुन्या बीबीएसवरून किती कापून झालंय.