डोरीच्या डोळ्याभोवती खड्डे पडलेत, औषध कुठलं देऊ?

खारट_ठाणेकर:
मंडळी नमस्कार. 4 बाय 2 बाय 2 फुटांचा सॉल्टवॉटर टँक आहे, दोन वर्षं झाली चालू आहे. त्यात मासे म्हणजे एक ब्लू टँग (आमच्या मुलीची डोरी), दोन क्लाऊन, एक फॉक्सफेस. साधारण दोन महिन्यांपूर्वी डोरीच्या डोळ्यांभोवती सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली, मी म्हटलं दगडाला घासली असेल. आता ती भोकं जोडली जाऊन कपाळावर फिकट पांढुरके चट्टे झालेत, आणि कल्ल्याच्या मागून शेपटीकडे जी रेघ असते ना तिच्यावरही रंग उडालाय. दोन्ही बाजूंना. खाणंपिणं एकदम व्यवस्थित, मला बघितलं की काचेवर नाचते. दुकानदार म्हणाला फंगस आहे, मेथिलीन ब्लू टाका, आठ दिवसांनी डबल कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) लावून औषध ओढून घ्या. बाटली आणून ठेवलीये पण धीर होत नाहीये. काय करू?

रीफवेडा_पुणे:
बाटली उघडू नकोस!! मेन टँकमध्ये मेथिलीन ब्लू टाकलंस तर लाइव्ह रॉकवरचे (टँकमधल्या जिवंत दगडांवरचे) पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया मरतील, अमोनिया चढेल आणि आज नाचणारी डोरी आठवड्यात आडवी होईल. आणि फंगस तर नाहीच आहे हे. मरीन माशात फंगस तसंही क्वचित, आणि असलं तरी कापसासारखा पुंजका दिसतो, खड्डा नाही.

ऑस्कर_प्रेमी:
होल इन द हेड आहे भाऊ. माझ्या ऑस्कर माशाला झालं होतं. मेट्रोनिडाझोल खाण्यातून द्या, दहा दिवसात फरक.

मत्स्यकन्या_रत्नागिरी:
ऑस्करवाले दादा, तुमचं गोड्या पाण्यातलं. तिथे ऑस्कर, डिस्कस यांच्या पोटात हेक्सामिटासारखे परजीवी असतात, त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. खाऱ्या पाण्यातल्या टँग आणि एंजल माशांना जे होतं ते दिसायला तसंच पण प्रकरण वेगळं. त्याला हेड अँड लॅटरल लाईन इरोजन म्हणतात, थोडक्यात एचएलएलई. (मी फिशरीजची पदवीधर आहे, शिरगावच्या कॉलेजची, पण माशांची डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.)

ठाणेकर, तुम्ही लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे. माशाच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेघेवर बारीक छिद्रं असतात, पाण्याची हालचाल त्याला तिथून कळते. एचएलएलई बरोबर त्या छिद्रांपासून सुरू होतो, म्हणून डोळ्याभोवती आणि रेघेवर, आणि म्हणून दोन्ही बाजूंना सारखा. जंतूंची जखम असती तर एकीकडेच, लालसर, कडा सुजलेल्या, चार दिवसात वाढणारी, आणि मासा खाणं सोडून कोपऱ्यात. इच (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) असता तर मिठाच्या दाण्यासारखे ठिपके सगळ्या अंगावर, कल्ल्यांवर, श्वास जोरात. तुमची डोरी खातेय, नाचतेय, दोन महिन्यात हळूहळू वाढलंय. बाकीचे मासे साफ आहेत का ते सांगा. आणि मुख्य म्हणजे आठवून सांगा, चट्टे दिसायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यात टँकमध्ये नवीन काय केलंत? कार्बन कुठला वापरता? खायला काय?

खारट_ठाणेकर:
ताई खूप आभार. क्लाऊन साफ आहेत. फॉक्सफेसचं आत्ता टॉर्च लावून बघितलं, त्याच्याही डोळ्याखाली एक-दोन भोकं वाटतायत 😟 म्हणजे लागण होतेय का?
खायला पेलेट, मोठा डबा घेतला होता, गेल्या गणपतीच्या आसपास. अधूनमधून कोळंबी.
कार्बन हां, पाणी पिवळट दिसत होतं म्हणून चार महिन्यांपूर्वी कार्बनचा रिॲक्टर (कार्बन भरून पाणी फिरवायचं नळकांडं) लावला, सुटा कार्बन किलोवर मिळतो तो आणला. धुतला होता पण फार काळं पाणी येत होतं, शेवटी कंटाळून तसाच लावला. दोन दिवस टँक राखाडी होता मग बसलं सगळं.

रीफवेडा_पुणे:
सापडला चोर 😂

मत्स्यकन्या_रत्नागिरी:
लागण नाही, तुमच्या दोन्ही माशांनी एकच पाणी प्यायलंय. खाऱ्या पाण्यातले मासे सारखं पाणी पितात, म्हणजे शब्दशः.

कार्बनवर नीट प्रयोग झालाय. अमेरिकेत ओहायोमध्ये टोलेडो झू आहे, तिथल्या जे हेमडल यांनी 2011 साली छापलेलं काम. अटलांटिकमधले ओशन सर्जनफिश घेतले, म्हणजे तुमच्या डोरीचे चुलतच. काहींच्या पाण्यात भुसभुशीत लिग्नाइट कार्बन (तपकिरी कोळशापासून केलेला), काहींच्या पाण्यात दाबून केलेला कडक दाणा, काहींना कार्बनच नाही. लिग्नाइटवाल्यांना जोरात झालं, कडक दाण्यावाल्यांना हलकंसं, बिनकार्बनवाले साफ. नेमकं धूळ घासून होतं की आणखी कशाने यावर अजून वाद आहे, पण तुम्ही कंटाळून सोडलेलं ते काळं पाणी मला सगळ्यात संशयास्पद वाटतं. आणि तुमच्या दुकानदाराने फंगसच्या औषधानंतर वर डबल कार्बन सांगितला होता, बघा म्हणजे.

कार्बन हे एकमेव कारण नाही हेही सांगते. क्वारंटाइनमध्ये लांबलेला कॉपरचा (तांब्याच्या औषधाचा) डोस, जीवनसत्त्वं नसलेलं खाणं, सततचा ताण, सगळ्यांची नावं येतात. एंजलमध्ये व्हायरसही सापडलाय एका अभ्यासात. पण तुमच्याकडे दोन संशयित समोर उभे आहेत, कार्बन आणि जुना खाण्याचा डबा, आधी त्यांना हाकला.

जुना_ॲक्वावाला:
पाण्यात विजेचा करंट उतरतोय का ते चेक करा आधी. माझ्या टँकमध्ये पॉवरहेड (पाण्यातला पंप) लीक होतं, टेस्टर पेटायचा, टँगची अशीच हालत. अर्थिंग प्रोब (पाण्यातला करंट जमिनीत नेणारी तार) टाकला आणि बरी झाली. ह्या अभ्यासबिभ्यासापेक्षा अनुभव मोठा.

रीफवेडा_पुणे:
काका प्रोब टाकलात तेव्हा अजून काय काय बदललंत? पंप पण नवीन, पाणी पण बदललं असेल ना. करंटने एचएलएलई होतो हे कुणी दाखवलेलं नाही. पण ठाणेकर, लीक पंप असेल तर तो काढच, माशासाठी नाही तर स्वतःसाठी, खाऱ्या पाण्यात हात घालतोस रोज. आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आजच बसव, प्रोबच्या आधी.

जुना_ॲक्वावाला:
पाणी बदललं होतं हे खरंय.

खारट_ठाणेकर:
टेस्टर लावला, काही नाही. कार्बन रात्रीच काढला. आता पुढे काय, क्रमाने सांगाल का कुणी, ऑफिसमधून येऊन करणारा माणूस आहे मी.

मत्स्यकन्या_रत्नागिरी:
कार्बन काढला की काम संपलं नाही. धूळ रेतीत, स्पंजात, सम्पच्या (खालच्या फिल्टर टाकीच्या) तळाशी बसलेली असते. सम्पचा गाळ ओढून काढा, फिल्टर सॉक दोन दिवसाआड बदला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडा ओला चालवा, म्हणजे फेस पातळ निघू द्या. दर आठवड्याला पाव पाणी बदला, पाच-सहा आठवडे. 450 लिटरच्या टँकला म्हणजे आठवड्याला 110 लिटर, आरओडीआयचंच (क्षार काढून शुद्ध केलेलं), टँकरचं नको. सॅलिनिटी (खारटपणा) 1.025 जुळवून, तापमान जुळवून घाला, एकदम ओतू नका. नायट्रेट किती आहे तेही मोजा एकदा. पाणी परत पिवळं झालं तर पिवळं राहू द्या, माशाला त्याचं काही नाही, ते आपल्या डोळ्यांचं दुखणं आहे.

खाण्याचं. तो डबा फेकून द्या. उघडल्यापासून वर्ष झालेल्या डब्यात क जीवनसत्त्व बरंचसं उडून गेलेलं असतं, त्यात मुंबई-ठाण्याची दमट हवा. यापुढे छोटा डबा आणि फ्रीजमध्ये. सुशीची नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद) मिळते ती साधी आणा, तेल-मीठ-मसालावाली नाही, रोज एक तुकडा क्लिपला. पण नुसत्या नोरीवर राहू नका. यलो टँग दिवसभर शेवाळं खरवडतो, डोरी समुद्रात प्लँक्टनही खाते, तिला मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) वगैरे पाहिजेच. फ्रोझन खाणं वितळवून व्हिटॅमिनच्या थेंबात दहा मिनिटं मुरवून द्या.

अँटिबायोटिक नाही, कॉपर नाही, फ्रेश वॉटर डिप (गोड्या पाण्यात बुडवणं) नाही. जाळीने पकडून मलम तर अजिबात नाही. परदेशी मत्स्यालयांत डॉक्टर मासा बेशुद्ध करून जखम भरायचं जेल लावतात, ते काम आपलं नाही. फक्त खड्डा लाल झाला, पिकला किंवा तिने खाणं सोडलं तर लगेच इथे लिहा, मग ते वरून झालेलं इन्फेक्शन असेल आणि हॉस्पिटल टँक लागेल.

मालवणी_मासा:
घरी केलेला खाऊ पण देता येईल. मी माकूळ, तिसऱ्या, कोळंबी आणि नोरी मिक्सरला फिरवून पातळ वड्या पाडून फ्रीजरला ठेवतो. बायकोने वेगळा मिक्सर घेऊन दिला शेवटी.

ऑस्कर_प्रेमी:
माझा सल्ला मागे घेतो. पण भाऊ, 4 फुटात डोरी? फूटभर होते ती.

खारट_ठाणेकर:
माहितीये दादा, घेतली तेव्हा अंगठ्याएवढी होती आणि मुलगी सहा वर्षांची होती, नाही म्हणता आलं नाही. 6 फुटीचे पैसे साठवतोय.

खारट_ठाणेकर:
अपडेट, नऊ आठवडे झाले. पहिला महिना काहीच फरक नव्हता, खरं सांगतो दोनदा ती निळी बाटली हातात घेतली होती. सहाव्या आठवड्यापासून नवीन भोक नाही. आता डोळ्याभोवतीचे खड्डे उथळ झालेत, कडेने निळा रंग परत सरकतोय, फॉक्सफेसचं तर शोधावं लागतं. कपाळावरचा मोठा चट्टा मात्र तसाच आहे. तो जाईल का?

मत्स्यकन्या_रत्नागिरी:
अजून चार-सहा महिने द्या. खोल गेलेला असेल तर थोडा डाग कायमचा राहतो, त्याने तिला त्रास नाही. पाणी आता आठवड्याला 45 लिटरवर आणलंत तरी चालेल. नोरी बंद करू नका.

खारट_ठाणेकर:
नोरी बंद करायचा प्रश्नच नाही, मुलगीच लावते शाळेतून आली की. अर्धी डोरीला अर्धी स्वतःला.