मदत हवी आहे: गणेश चवथीच्या ग्रुप फोटोत नेमके आजीचे डोळे मिटलेत, दुसऱ्या फोटोतला चेहरा कसा लावायचा?

नमस्कार मंडळी, तीन रात्री मोबाईलशी झटापट करून झाली, आता तुम्हीच काय ते सांगा.

यंदा चवथीला गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या मूळ घरी सगळे जमलो होतो, पुणे, मुंबई, वास्को, मोजून २३ डोकी. आजी ८६ वर्षांची, ती म्हणाली सगळ्यांचा एक फोटो काढा नि मोठा करून सोप्यात, म्हणजे ओसरीवर लावा. आता आजीने सांगितलं म्हणजे झालंच. दुपारची आरती झाल्यावर माटोळीखाली (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) सगळ्यांना कोंबलं, ट्रायपॉड कुठला, तांदळाच्या डब्यावर फोन टेकवला, १० सेकंदांचा टायमर लावला आणि मी धावत जाऊन बसायचो, असे ९ फोटो काढले. खोली लहान म्हणून ०.५ वाली वाइड लेन्स घेतली, ती चूक पुढे सांगतो.

चार नंबरच्या फोटोत २२ जण एकदम झकास आणि आजीचे डोळे मिटलेले. सात नंबरमध्ये आजी अशी छान हसलीये, पण तिथे धाकटा भाचा गणपतीपुढची नेवरी (करंजी) उचलतोय आणि काका जांभई देतोय. म्हणजे मला चारमध्ये फक्त सातमधली आजी हवी आहे.

एक फुकटचं एआय ॲप करून बघितलं. त्याने डोळे उघडले खरे, पण कुठल्यातरी भलत्याच बाईचे. वर चेहरा असा गुळगुळीत केला की आजीच्या कपाळावरचं गोंदणच गेलं, बहुतेक त्याला तो डाग वाटला. आजीला दाखवलं तर म्हणते "ही हांव न्हय गो, ही खंयची?" (ही मी नव्हे, ही कुठली?) बाजूला बसलेली आई हसून हसून बेजार. मग माटोळीतून लोंबणारी लाइटिंगची वायर पुसायला गेलो तर बोट जाडं, वायरीबरोबर माटोळीतलं अर्धं कवंडळ (रानफळ) पण पुसलं गेलं.

शिवाय कडेला बसलेली आते दुप्पट रुंद दिसतेय. ती माझ्याशी बोलत नाहीये. याला काही उपाय?

लॅपटॉप आहे, फोटोशॉप नाही, पैसे घालायची तयारी नाही (खरं सांगतो).

मानकुराद: एआयच्या नादी लागू नको, तुझ्याकडे खरी आजी आहे ना सात नंबरमध्ये, मग बनावट कशाला. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये फोटोपी (फोटोशॉपसारखीच साइट) उघड, फुकट आहे. चार नंबर खाली ठेव, सात नंबर त्याच्यावर नवीन लेयर (थर) म्हणून टाक. वरच्याची ओपॅसिटी (गडदपणा) निम्मी कर म्हणजे दोन्ही दिसतील, मग मागचा खांब किंवा मखराची कड जुळवून घे. फोन डब्यावर होता म्हणजे फारसं सरकवावं लागणार नाही. ओपॅसिटी परत पूर्ण कर, वरच्या लेयरला काळा मास्क (झाकण) लाव, तो लेयर दिसेनासा होईल, आणि मऊ कडेचा पांढरा ब्रश फक्त आजीवरून फिरव, तेवढाच भाग परत दिसेल. नुसते डोळे नको घेऊ, अख्खं डोकं पदरासकट खांद्यापर्यंत घे, नाहीतर मान तुटल्यासारखी दिसते. दोन फोटोंचा उजेड कमीजास्त असेल तर आधी कर्व्हजने (उजेड कमीजास्त करायचं टूल) वरचा लेयर खालच्याशी जुळव. बाकी रंगबिंग, उजेड वाढवणं सगळं जोडून झाल्यावर.

सोलकढी: गूगलच्या पिक्सेल ८ पासून, म्हणजे २०२३ पासून, त्या फोनांत बेस्ट टेक नावाचं हेच काम करणारं टूल आलंय, लागोपाठ काढलेल्या फोटोंतून एकेकाचा चेहरा निवडता येतो. तुझ्याकडे तो फोन नसेल तर मानकुराद सांगतायत तेच कर. वायरीसाठी मोबाईलवर स्नॅपसीड ॲपमधलं हीलिंग (नको ते पुसायचं टूल) घे, पण आधी दोन बोटांनी भरपूर झूम कर. झूम केलं की ब्रश आपोआप बारीक पडतो, मग कवंडळ वाचेल. आतेचं म्हणशील तर वाइड लेन्स कडेची माणसं ताणतेच, दोष आतेचा नव्हे. फोटोपीत ती कड सिलेक्ट करून ट्रान्सफॉर्मने आडवी थोडी दाब, मागची भिंत वाकडी दिसायच्या आत थांब. पुढच्या वर्षी फोन दाराबाहेर ठेव आणि १ वाल्या लेन्सने काढ.

मानकुराद: हां, आणि प्रिंट केवढी? फोटो १२ बाय १८ ला देऊ नको. मोबाईलचा फोटो ४:३ असतो, १२ बाय १८ मध्ये वरखालून कापला जाईल, म्हणजे माटोळी गेली. १२ बाय १६ सांग, पूर्ण बसतो. आणि फ्रेमवाल्याला व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवू नको, तिथे तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा.

धागाकर्ता: जमलं! दीड तास गेला. पहिल्यांदा आजीच्या अंबाड्यात अबोलीचे दोन वळेसर (गजरे) आले, एक चारमधला एक सातमधला, मग मास्क परत काळ्याने पुसून डोकं मागेपर्यंत नीट घेतलं. आजीने फोन डोळ्यांजवळ नेला, स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून गोंदण आहे का बघायला गेली तर फोटो झूम झाला आणि सरकला तो नेमका आतेवर. आतेला मी १२ टक्के बारीक केलंय. ती आता बोलायला लागलीये, म्हणते अजून थोडी कर.