'विधि का बल' मराठीत कसं आणायचं?

गिरणाकाठ: धडगावकडच्या ग्रामसभांसाठी एका हिंदी पत्रकाचं मराठी करायचंय. झारखंडच्या पत्थलगडीतलं (म्हणजे गावात घटनेतली कलमं कोरून दगड उभे करायची आदिवासी चळवळ) वाक्य त्यात जसंच्या तसं आहे: 'अनुच्छेद १३(३)(क) के तहत रूढ़ि या प्रथा ही विधि का बल है.' 'रूढी किंवा प्रथा हेच विधीचे बळ' केलं की लग्नविधीच डोळ्यापुढे येतो. काय घालू?

शब्दवेल्हाळ: सरळ 'कायदा' घाला. मराठीत एकटा विधी म्हणजे पूजाअर्चाच. कायद्याच्या अर्थाने तो विधिमंडळ, विधी महाविद्यालय अशा जोडशब्दांतच उरलाय.

धुळेकर वकील: शब्द नंतर, आधी वाक्य तपासा. मूळ कलमात हिंदीतला 'ही', म्हणजे आपला 'च', नाहीच! १३(३)(क) ही नुसती व्याख्या आहे. 'कायदा' म्हटलं की त्यात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना धरायच्या, आणि कायद्याचं बळ असलेली रूढी किंवा प्रथाही. कशासाठी? तर १३(१) आणि (२) प्रमाणे यातलं जे मूलभूत हक्कांच्या आड येईल, ते तेवढ्यापुरतं रद्द व्हावं. रूढीला कोर्टात जाब विचारायची सोय करणारं कलम रूढीची ढाल म्हणून दगडावर कोरलंय.

शब्दवेल्हाळ: वकीलसाहेब, घटनेचा अनुच्छेद असतो, कायद्याचं कलम.

धुळेकर वकील: धुळ्याच्या कोर्टात '३७० कलम' म्हटलेलं सगळ्यांना कळतं.

अक्राणीकर: पत्थलगडीवाल्यांचं वाचन उलटं आहे, पण हवेतून आलेलं नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २(२) बघा: केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे वारसाहक्कात रूढीच चालते. चळवळ 'ही' घालते ते या अनुभवातून.
गिरणाकाठ भाऊ, पत्रकात १३ चा आधार घेऊ नका, अधिकाऱ्याने विचारलं तर ग्रामसभा तोंडावर पडेल. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, १९९६, त्याचं कलम ४(घ) टाका. प्रथा-परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवायची रूढ पद्धत जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. सोबत अनुच्छेद २४४(१) आणि पाचवी अनुसूची. गावाचं नाव अनुसूचित क्षेत्रं ठरवणाऱ्या १९८५ च्या आदेशात आहे का तेही बघा. अक्राणी (म्हणजे धडगाव), अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आहेत. शहादा, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेरमध्ये ठरावीकच गावं. तिथे सरसकट पत्रक वाटलं तर निम्म्या गावांत ते लागूच नाही.

गिरणाकाठ: उपयोगी पडलं. मग 'रूढ़ि या प्रथा'ला 'रूढी किंवा परिपाठ'?

अक्राणीकर: परिपाठ म्हणजे शाळेत सकाळी राष्ट्रगीतानंतर होतो तो.

शब्दवेल्हाळ: सरकारी मराठीत तो प्रथेच्याच अर्थाने आहे. अस्सल हवा तर 'वहिवाट' घ्या, जुना आणि खणखणीत शब्द.

अक्राणीकर: तो तर मुळीच नको, आप्पा. इथे वहिवाट म्हणजे जमीन प्रत्यक्ष कोण कसतं ते. वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवावा लागतो. पत्रकात 'वहिवाटीला कायद्याचं बळ' वाचलं की लोक प्लॉटच्या कागदांबद्दल विचारत येतील. 'रीतरिवाज' लिहा.

शब्दवेल्हाळ: रिवाज अरबी.

धुळेकर वकील: कायदाही अरबी, कलमही. मग कोर्ट बंद ठेवायचं का?

सातपायरी: मधेच विचारते, पत्रकात 'घटना' आहे की 'संविधान'? 'घटनेने अधिकार दिला' म्हटलं की ऐकणारा विचारतो, काय घटना घडनी?

शब्दवेल्हाळ: अक्का, घटनादुरुस्ती, घटनापीठ, घटनाबाह्य या शब्दांचं मग काय करायचं? 'संविधान' हा हिंदीचा रेटा.

सातपायरी: हिंदीचा कसा? मराठी प्रतीवरच 'भारताचे संविधान' छापलंय. आणि वस्त्यांमधून तो शब्द रुजवला आंबेडकरी चळवळीने. 'घटना बचाव' अशी घोषणा देऊन बघा, जमते का.

धुळेकर वकील: घोषणेत संविधान, युक्तिवादात घटना. दोन्ही चालू द्या.

गिरणाकाठ: आणि 'विधि का बल'? कायद्याचं बळ, जोर, की अंमल?

अक्राणीकर: ते ठरेल. त्याआधी शीर्षकात 'पत्थलगडी'चं काय केलंत? 'शिलालेख' लिहू नका, पुरातत्त्ववाले येतील.

शब्दवेल्हाळ: 'कोनशिला'?

सातपायरी: ती आमदाराची असते.