मदत हवी आहे: हा पाणटिवळा नेमका कोणता?

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी जुने गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर गेलो होतो. तिथल्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत), मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) उथळ पाण्यात पंधरा-वीस लंबूटांगे पक्षी दिसले. करड्या-तपकिरी पाठीचे, फिकट पोटाचे. चोच लांबलचक, मुळाशी गुलाबी आणि टोकाला काळी. ती अगदी डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसून शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर चालली होती. शेजारचे बगळे आपले ध्यान लावून उभे, आणि यांना उसंत म्हणून नाही!

गॉडविट, म्हणजे पाणटिवळा, एवढं नक्की. पण काळ्या शेपटीचा की पट्टेरी शेपटीचा? पुस्तकाप्रमाणे काळ्या शेपटीच्याची चोच जवळजवळ सरळ असते, आणि उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा दिसतो. पट्टेरीची चोच किंचित वर वळलेली, पाठीवर रेघोट्या, पंखावर ठळक पट्टा नाही. तो जास्त करून समुद्रकाठी रमतो. अलास्कातून न थांबता टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर उडालेला 2022 मधला पक्षी हाच.

माझा कल काळ्या शेपटीकडे आहे. पण कुत्रा भुंकला आणि थवा उडाला, तेव्हा मी नेमका चष्मा पुसत होतो. पट्टा हुकला.

बसलेल्या पक्ष्यावरून खात्रीने कसं ओळखायचं? पाठीच्या रेघोट्या पुरेशा आहेत का? आणि करमळीच्या तळ्यावर हे सध्या कुणाला दिसलेत का? फोटो धूसर आहे, हसू नका.